उत्तर: हॉस्पिटलातून आल्यापासून बाबा खाटेवरच आहेत

तुमचं वाचलं आणि आमचा २०१८ चा पावसाळा आठवला. तुमचे बाबा ७६ वर्षांचे, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट दम लागण्याचा आजार) आणि मधुमेह, आठ दिवस ॲडमिट होते. आता दम लागतो म्हणून तुम्ही त्यांना उठू देत नाही, आणि कमोडची खुर्ची खाटेलगत ठेवू का विचारताय. माझं मत विचाराल तर ठेवू नका. रात्रीपुरती ठीक, दिवसा नको.

मी डॉक्टर नाही, घरी आईचं करतो तेवढाच अनुभव. आईने जन्मात विडीला हात लावला नाही. चाळीस वर्षं चुलीत ओली लाकडं फुंकून तिला सीओपीडी झाला. जुलैच्या शेवटी छाती भरली, ॲडमिट केलं. घरी आणल्यावर मी आणि बायकोने ठरवलं, आता आईला काडी उचलू द्यायची नाही. आंघोळ आम्ही घालायची, ताट हातात द्यायचं, वेणीसुद्धा बायकोने घालायची. कमोड खाटेला चिकटून. येणारे-जाणारे "पोरं किती करतात हो" म्हणायचे आणि मला बरं वाटायचं.

गौरी आल्या. ओवशाला, म्हणजे गौरीपुढे सूप ओवाळायला, तिला माजघरात न्यायचं होतं. खाटेच्या कडेला बसवली. तिने दोन्ही तळवे गादीत रोवले, कोपरं थरथरली, आणि चार बोटंही वर न येता ती परत बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माका उठाक येना नाय रे." आजाराने नव्हे, दीड महिन्याच्या माझ्या सेवेने तिचे पाय नेले होते. ते मला अजून सलतं.

पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं. पाय दुबळे झाले की तेवढ्याच चालण्याला जास्त प्राणवायू लागतो, दम आणखी लवकर लागतो, म्हणून माणूस आणखी बसतो. २००७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना फक्त १० दिवस खाटेवर ठेवलं, तर पायांचं जवळजवळ किलोभर मांस झडलं. तुमचे बाबा तर आजारातून उठलेले.

आम्ही हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून उठबस सुरू केली. आधी हात टेकून तीनदा, मग पाच. श्वास नाकाने घ्यायचा आणि उठताना शीळ घालतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. थोडा दम लागणारच, त्याला घाबरू नका. पण बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायच्या ऑक्सिमीटरवर कुठल्या आकड्याला थांबायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, गोळ्या स्वतःहून बदलू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी चालवू नका. अनवाणी तर नकोच.

मागीलदारच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे आधी ब्लीचिंग मारून घासा. न्हाणीत पकडायला दांडा हवाच.

आणि बाबांना पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना कुठे नेऊ नका. एका कार्यालयात मला "पेशंट समोर पाहिजे" म्हणून आईला खुर्चीसकट जिन्यावरून वर न्यावं लागलं. घामाने निथळत होती ती, आणि समोरच्या माणसाने मान वर करून पाहिलं नाही. आता 'जीवन प्रमाण', म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, मोबाइलवर चेहरा दाखवून निघतं, पोस्टमनही घरी येऊन काढून देतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

बाबांना घरातलं एखादं त्यांचं काम परत द्या. आईला मी विळी दिली, टेबलावर ठेवून, खुर्चीत बसून नारळ खोवायला. पहिल्या दिवशी अर्धी वाटी झाली. आता ती तुळशीपर्यंत जाते, मध्ये एकदा दगडी गडग्यावर (कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर) हात टेकून थांबते. मी पुढे धावत नाही.