इंजिनाच्या हेडवरचा कार्बन काढताना

प्रश्न : पऱ्हाटीत डवरणीसाठी घेतलेल्या पेट्रोल वीडरचं इंजिन धूर मारत होतं म्हणून खोललं. हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) आत नखाएवढा जाड काळा थर निघाला. कोणी म्हणते, रातभर कॉस्टिक सोड्यात टाका, सकाळी चकाचक होते. टाकू का? की ड्रिलला तारेचा ब्रश लावून घासू?
– एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : कॉस्टिकमध्ये मुळीच नको. ते लोखंडाला चालतं. तुमचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. कॉस्टिकचं पाणी अॅल्युमिनियमच खातं, बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. सकाळी कार्बन तसाच आणि पॅकिंग (हेडखालची गॅस्केट) बसायची जागा मात्र खड्डे पडलेली, असं व्हायचं. पोलादी तारेच्या ब्रशचंही तेच: ओरखडे पडतात आणि पुढचा कार्बन त्यांतच घट्ट धरतो.

हेड रॉकेल, डिझेल किंवा कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रातभर बुडवून ठेवा. थर मऊ पडला की बांबूची चपटी पट्टी तासून तिने खरडा, कोपऱ्यात पितळी ब्रश वापरा. घाई केली तर हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, तो टाळा. खरडताना दोन्ही व्हॉल्व्ह जागेवरच असू द्या, म्हणजे सीटला (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडीला) धक्का लागत नाही. मग व्हॉल्व्ह काढून त्यांची मागची बाजू आणि सायलेन्सरकडचं भोक साफ करा. कोणता व्हॉल्व्ह कुठला, ते काढतानाच वेगळं ठेवा.

पिस्टन बाहेर काढला असेल तर रिंगांच्या खाचा जुन्या रिंगेचा तुकडा मोडून त्याच्या टोकाने साफ करा, पण खाचेचं धातू खरवडू नका. पिस्टन बोअरमध्येच (सिलिंडरच्या पोकळीतच) ठेवायचा असेल तर तो वर आणून कडेच्या फटीत ग्रीस भरा. कार्बनचे कण ग्रीसला चिकटतात. शेवटी ते ग्रीस पुसून घ्या. राहिलेला एक कण बोअरवर उभी रेघ मारतो.

आता व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट अगदी थोडी लावून व्हॉल्व्ह सीटवर मागेपुढे फिरवा, सगळीकडून सारखी राखाडी कडी दिसेपर्यंत. पेस्ट पूर्ण धुवा. व्हॉल्व्ह स्प्रिंगांसह बसवून हवा आत यायच्या आणि धूर जायच्या भोकांत थोडं रॉकेल ओता. पाच मिनिटांत व्हॉल्व्हच्या पलीकडे ओल आली नाही तर काम जमलं. हेडच्या बसण्याच्या बाजूवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून 0.05 मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) खालून जातं का पहा. जात असेल तर जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हेड हलक्या हाताने गोल फिरवत घासा. पॅकिंग दरवेळी नवं. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत कसा. टॉर्क (बोल्ट कसायचा जोर) आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट इंजिन थंड असताना, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणेच.

कार्बन फेकण्याआधी मात्र नीट पहा. ओला, तेलकट, चिकट असेल तर ऑइल वर येतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) तपासा. कोरडी भुसभुशीत काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. वावरातल्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो, बहुतेकदा कारण एवढंच. हेडच्या बाहेरच्या थंडाव्याच्या पात्यांमधला कचराही याच वेळी काढा. तो राहिला तर इंजिन तापतं.

प्रश्न : संत्र्याच्या फवारणीचा टू-स्ट्रोक पंप सुरू होतो, पण जोर नाही. – वरूड, जि. अमरावती

उत्तर : सायलेन्सर काढून धूर बाहेर पडायचं भोक पहा, बहुधा कार्बनने अर्धं बुजलेलं असेल. प्लग काढा, दोर हळू ओढून पिस्टन भोक झाकेपर्यंत वर आणा आणि लाकडी काडीने खरडा. भोकाच्या कडा घासू नका, रिंग अडकते. पंप उलटा करून कण झटकून टाका. ऑइल टू-स्ट्रोकचंच वापरा. ऑइल-पेट्रोलचं प्रमाण 1:40 लिहिलं असेल तर एका लिटर पेट्रोलला 25 मिली. 'थोडं जास्तच बरं' म्हणून 50 मिली टाकलं तर भोक पुन्हा बुजेल.