‘डिकॅफ संपलीये’ म्हणायला जीभ रेटली नाही

प्रश्न : ताई, मी पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका कॉफी शॉपमध्ये दीड वर्षापासून बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, आहे. मागच्या रविवारी खच्चून गर्दी होती. एका गरोदर बाईंनी डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली, कॅपुचिनो मागितली. डिकॅफचं पाकीट सकाळीच संपलं होतं. सीनियर हळूच म्हणाला, ‘साधीच दे, कुणाला कळतंय?’ मी दिली. जाताना त्या ‘छान होती रे’ म्हणाल्या. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. त्यांना काही झालं असेल का? परत आल्या तर सांगू का?

उत्तर : आधी तुझी भीती. कॅपुचिनो ज्या एस्प्रेसोवर बनते, त्याच्या एका शॉटमध्ये साधारण ६० ते ७० मिलिग्रॅम कॅफीन असतं, डबल शॉटमध्ये त्याच्या दुप्पट. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहा, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणजे त्या एका कपाने काही बिघडलं असेल, असं मला वाटत नाही.

पण त्यांनी दिवसभरात किती चहा घेतला होता, डॉक्टरांनी कशासाठी ‘कॉफी बंद’ सांगितलं होतं, हे तुलाही ठाऊक नव्हतं आणि सीनियरलाही. तो हिशोब त्यांचा होता, तुम्ही दोघांनी परस्पर करून टाकलात. गिऱ्हाइकाला मशीनच्या पलीकडचं काही दिसत नाही रे. ते आपल्या शब्दावर पितं.

मी डेक्कनला काउंटरवर होते तेव्हा सोया दूध संपलं म्हणून एका गृहस्थांना साध्या दुधाची लाटे दिली होती. पुढच्या आठवड्यात ते आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘त्या दिवशी साताऱ्याच्या एसटीत पोटाने फार हाल केले. आता आधी दुधाचा खोका दाखवाल का?’ त्यानंतर मी तिथे होते तोवर प्रत्येक वेळी खोका उचलून त्यांच्यासमोर धरला. दर वेळी ते चष्मा वर करून वाचायचे. माझी मान खाली असायची.

तेव्हा सांग. त्या आल्या की ऑर्डर घेण्याआधी सांग : ‘त्या रविवारी डिकॅफ संपली होती, मी साधी दिली. चूक माझी.’ सीनियरचं नाव काढू नकोस, कप तुझ्या हातून गेला. फुकट कुकी आधी पुढे करून मग सांगू नकोस, त्याने माफी स्वस्त होते. त्या चिडल्या तर ऐकून घे. सीनियरशी मात्र वेगळं, दुकान बंद झाल्यावर बोल. एक पदार्थ मागितला असताना तोच म्हणून दुसरा देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित प्रथाच आहे, हे त्याला माहीत असू दे.

आणि पाकीट संपलं की त्याच मिनिटाला बिलिंगमधून डिकॅफ बंद कर. म्हणजे गर्दीत ठरवायची वेळच येत नाही. शिवाय डिकॅफमध्येही थोडं कॅफीन उरतंच, तेव्हा कुणी ‘अजिबात नाही ना?’ विचारलं तर हो म्हणू नकोस.

प्रश्न : आमचे मालक बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावतात. कुणी काढा म्हटलं तर ‘सक्तीचा आहे’ असं सांगायला लावतात. (कोल्हापूर)

उत्तर : सक्तीचा नाही. जुलै २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावू नये असं बजावलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ‘हो, काढून देतो’ एवढं बोला. मालक अडले तर गिऱ्हाइकाला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, हे त्यांच्या कानावर घाला. नोकरी तुमची आहे, खोटं बोलायचं काम तुमचं नाही.

प्रश्न : नाशिकला आमच्या दुकानात एक काका रोज दुपारी येतात. एक फिल्टर कॉफी आणि तीन तास. मॅनेजर म्हणतात, सारखं टेबल पूस, उठतील. मला जीवावर येतं.

उत्तर : येणारच. तो फडका कशासाठी फिरतोय, हे काकांना पहिल्याच फेरीत कळतं. वर्तमानपत्र उचलून ते हात आक्रसून घेतात, हे मी पाहिलंय. १९५७पासून कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढून चालवलेल्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये एका कपावर माणसं तासन्‌तास बसत आली आहेत. दुपारी तीनला तुझी निम्मी टेबलं रिकामी असतात, तोवर मॅनेजरचं काही अडत नाही. सहाला गर्दी होते, ती अडचण मात्र खरी. मग पावणेसहाला समोर जाऊन उभी राहा आणि सरळ विचार, ‘काका, आता चौघांसाठी हे टेबल लागेल, खिडकीपाशी बसाल का?’ त्यांचा कप तू उचल, आणि तिकडची खुर्ची आधीच ओढून ठेव.