मेटाडोरसमोर लेव्हल वाढवून फारसं काही होणार नाही

तुमचा प्रश्न असा आहे: 'शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न'मध्ये मेटाडोर हा बॉस (वाटेतला मोठा शत्रू) सारखा हरवतोय, मग अजून दहा लेव्हल वाढवाव्या का? आणि सगळ्याच जपानी आरपीजींमध्ये (भूमिका घेऊन खेळायच्या गेम्समध्ये) असं तासन्‌तास ग्राइंडिंग, म्हणजे लेव्हल वाढवण्यासाठी त्याच त्या लढाया, करावं लागतं का?

दहा लेव्हल अजिबात नकोत. 2003 सालचा हा गेम टर्नच्या हिशोबावर चालतो. पार्टीत, म्हणजे तुमच्या गटात, जितके जण, तितके टर्न आयकॉन, म्हणजे एका पाळीतल्या चाली. शत्रूच्या कमजोरीवर वार बसला किंवा क्रिटिकल (जास्त जबर वार) लागला, तर अर्धाच आयकॉन खर्च होतो, म्हणजे जास्तीची चाल मिळते. वार चुकला तर मात्र दोन आयकॉन जातात. शत्रूलाही हेच नियम लागू आहेत, आणि माझ्या मते या पद्धतीचं खरं सौंदर्य तिथेच आहे.

आता मेटाडोर काय करतो बघा. 'रेड कापोते' वापरून तो स्वतःची चपळाई टोकाला नेतो. तुमचे वार हुकतात आणि दोन हुकले की चौघांची अख्खी पाळी संपते. मग तो 'माझान' हा वाऱ्याचा हल्ला टाकतो. पार्टीत वाऱ्याच्या हल्ल्याला कमजोर असा एक जरी डीमन (तुमच्या बाजूने लढणारा राक्षस) असला तरी मेटाडोरला जास्तीची चाल मिळते. तुमचा पराभव इथे होतो, एचपी (जीवनशक्ती) कमी पडल्यामुळे नाही. तेव्हा कमजोर डीमन आधी बाहेर काढा, वाऱ्याचा हल्ला निष्प्रभ करणारे आत घ्या आणि हिरोला हिफुमी मागातामा (वाऱ्यापासून वाचवणारी वस्तू) द्या. पहिल्या काही पाळ्या हल्ल्याचा मोह टाळून 'सुकुकाजा' ही पार्टीची चपळाई वाढवणारी जादू टाकत राहा, म्हणजे तुमचे वार लागू लागतील आणि त्याचे हुकू लागतील. त्याचा वार हुकला की आयकॉन त्याचे जातात!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गेमगणिक बदलतं. 1986 मध्ये यूजी होरी यांचा पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' फॅमिकॉम या गेम कन्सोलवर आला, तेव्हा ग्राइंडिंग हाच त्याचा कणा होता. हरलात तर निम्मं सोनं जायचं, पण कमावलेला एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) शाबूत राहायचा. म्हणजे हरण्यापूर्वी मारलेला एकही स्लाइम (तिथला साधा शत्रू) वाया जात नव्हता. ज्याची बोटं झपाझप चालत नाहीत, त्यालाही वेळ देऊन शेवटपर्यंत पोहोचता यायचं. याला कंटाळवाणं म्हणणारे खूप भेटतात, मला तो मोठा उदारपणा वाटतो. त्या मालिकेत बॉसपाशी अडलात तर खुशाल ग्राइंड करा. पुढच्या भागांत मेटल स्लाइमच्या मागे लागा. त्याला वार जेमतेम एकेका अंकाने लागतो आणि तो पळूनही जातो, पण सापडला तर एक्सपीची चंगळ असते.

याच्या अगदी उलट 1999 चा 'फायनल फॅन्टसी ८'. तिथे तुमच्या लेव्हलबरोबर शत्रूंचीही लेव्हल वाढते, आणि खरी ताकद येते ती पात्राच्या बळ, वेग अशा गुणांना जोडलेल्या जादूतून. नुसत्या लढाया मारत बसलात तर शत्रूच दणकट होत जातात. म्हणून जाणकार खेळाडू 'कार्ड' ही क्षमता वापरून शत्रूंचे पत्ते करतात. त्यातून एक्सपी मिळत नाही, एपी (नव्या क्षमता शिकवणारे पॉइंट) मात्र मिळतो.

तेव्हा कुठल्याही गेममध्ये अडलात की लेव्हलच्या आकड्याकडे जाण्याआधी आपली पाळी नेमकी कशात खर्च होतेय ते बघा. नॉक्टर्नमध्ये लेव्हल लागते ती मुख्यतः एका कारणासाठी: हिरोच्या लेव्हलपेक्षा वरचा डीमन फ्यूजनमधून, म्हणजे डीमन एकत्र करून, बनवता येत नाही. हवा असलेला डीमन एक-दोन लेव्हल वर असेल, तर तेवढ्यापुरत्या लढाया करा, तो बनवून घ्या आणि थेट मेटाडोरकडे जा.