आधी स्लिप, मग शाबासकी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पहिल्यांदाच तुझ्या हाताखाली चौदा माणसं आली. ती मन लावून काम करत नाहीत, मग 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' निवडू का, असं तू विचारलंस. निवड. पण आधी त्यांच्या पगाराच्या स्लिपा नीट वाच.

मी भांडुपच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होतो. तिथे एका फिटरला दहा वर्षांच्या सेवेबद्दल भिंतीवरचं घड्याळ दिलं, टाळ्या झाल्या. संध्याकाळी ते घड्याळ खोक्यासकट कँटीनच्या बाकावर पडलेलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर त्याने खिशातून स्लिप काढली. मागच्या कोऱ्या बाजूवर तीन महिन्यांचा ओव्हरटाइम पेनाने मांडलेला. 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणे तो दुप्पट दराने द्यायचा. आम्ही साध्याच दराने दिला होता. "वेळेचा हिशोब माझ्याकडे आहे साहेब," एवढंच बोलला. मला मान वर करवेना.

फरकाची रक्कम मिळायला दोन महिने गेले. पुढे त्याच माणसाने ड्रिलिंगसाठी आपणहून एक जिग, म्हणजे भोक नेमक्या जागी पडावं म्हणून वापरायचा साचा, बनवली. आम्ही ड्रॉइंगवर त्याचं नाव घातलं. खंडेनवमीच्या पूजेला बायकोमुलांना घेऊन आला, तो आधी त्यांना त्या ड्रॉइंगपुढेच घेऊन गेला.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलं, की पगार कमी पडला की माणूस नाराज होतो, पण कामाची गोडी लागते ती हातून काही घडल्यामुळे आणि त्याची दखल घेतल्यामुळे. यातला उत्तरार्ध तेवढा पुढे करून पगारवाढ अडवणारे साहेब मी पाहिलेत. तू त्यांच्यातला होऊ नकोस.

आणखी एक. माझे वडील लालबागच्या गिरणीत बदली कामगार होते. रोज गेटवर उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तरच काम. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात पगारवाढीइतकीच बदलीवाल्यांना कायम करण्याचीही मागणी होती. 'कायम' या शब्दात पैसाही होता आणि मानही. तुझ्या चौदांपैकी पाच जण कंत्राटावर आहेत, काम तेच करतात, आणि बक्षिसाच्या यादीत त्यांची नावंच नाहीत, असं तूच लिहिलंयस.

येत्या रविवारी त्या पाच जणांची हजेरी आणि स्लिपा घेऊन दादरला घरी ये. कुठे तफावत निघाली, तर तुझ्या साहेबांना द्यायचं पत्र आपण दोघं बसून लिहू.

तुझा,
काका