ख्रिसमसची सजावट कधी उतरवायची? आधी राजे पोचू देत

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बेळगावच्या शहापुरात राहता, घरात कुणी ख्रिश्चन नाही, पण पोरांच्या हट्टापायी ह्या वर्षी ट्री, तारा आणि येशूजन्माचा छोटासा गोठा असं सगळं मांडलंय, आणि आता शेजारच्या काकू म्हणतात १ तारखेनंतर ठेवलं तर अपशकुन, मिस्टर म्हणतात राहू दे की संक्रांतीपर्यंत, मग हे काढायचं तरी कधी आणि हा सण संपतो तरी कधी, असं विचारलंय तुम्ही.

सरळ सांगते. ६ जानेवारीच्या आधी काढू नका, आणि जमलं तर त्याच्या पुढचा रविवार येईपर्यंत ठेवा. तो रविवार कितीही उशिरा आला तरी १३ तारखेच्या पुढे जात नाही, म्हणजे संक्रांतीच्या तयारीला घर मोकळं मिळतंच. अपशकुनाचं डोक्यातून काढून टाका, त्यावर खाली लिहिते.

आम्ही इथल्या कॅम्प भागातले कॅथलिक, घरात मराठी कोंकणी दोन्ही चालतं, बाहेर कानडी. लहानपणापासून बघत आलेय, २६ तारीख उजाडली की लोक विचारायला लागतात, झाला ना तुमचा सण? आणि मला दरवेळी वाटतं अहो आत्ता तर सुरू झालाय! बाजारात काय होतं, नोव्हेंबर संपता संपता खडे बाजारात तारे लटकायला लागतात, महिनाभर आधीच सगळीकडे लाल टोप्या आणि जिंगल बेल, मग २५ येईपर्यंत माणसाला कंटाळा आलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं गुंडाळतात. चर्चचा हिशोब बरोबर उलटा आहे. २५ च्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तो तयारीचा, थोडा गप्प राहायचा काळ, फादर जांभळा झगा घालतात, चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकेक वाढवत लावायची. सण सुरू होतो तो २४ च्या रात्रीच्या मिस्सापासून, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेपासून. आणि तिथून पुढे आठ दिवस तर ख्रिसमसचाच दिवस चालू आहे असं धरतात, १ जानेवारीला जे चर्चमध्ये जातो ते नुसतं न्यू इयर म्हणून नव्हे, तो मारिया मातेचा सण असतो, ख्रिसमसचा आठवा दिवस. मधे २६ ला संत स्तेफान, २७ ला संत योहान, २८ ला हेरोद राजाने मारलेल्या लहान बाळांची आठवण. एवढं सगळं राहिलेलं असताना तारा उतरवून ठेवायचा म्हणजे पाहुणे जेवायच्या आधी पानं उचलायची.

आपल्या बेळगावात अजून एक कारण आहे, ओल्ड मॅन. ३१ च्या रात्री गल्लोगल्ली ओल्ड मॅन जाळतात, कॅम्पात आधीचे काही दिवस रस्त्याच्या कडेला विकायलाच उभे केलेले असतात, जुने कपडे घातलेले, आत गवत आणि कागद ठासलेले, लहान मोठे सगळ्या साईजचे, आणि शहरभरातून लोक गाडीवर बांधून नेतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो, आमच्या पोरांनीही केलाय. पण बाराला तो पेटला की सगळ्यांच्या मनात बसतं की बास, संपलं आता. तो वर्षाचा निरोप आहे हो, ख्रिसमसचा नाही. दोन्ही एकाच आठवड्यात येतात म्हणून एकत्र धरले जातात, एवढंच.

आता ६ तारीख का ते सांगते. पूर्वेकडून ताऱ्याच्या मागे मागे ज्ञानी माणसं बाळाला बघायला आली, सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन, त्यांनाच आम्ही तीन राजे म्हणतो, त्यांचा सण ६ जानेवारीला. २५ पासून बारा दिवस मोजले की ५ तारीख येते, म्हणून बारा दिवसांचा ख्रिसमस म्हणतात. भारतातल्या आमच्या चर्चमध्ये हा सण २ ते ८ जानेवारीच्या मधल्या रविवारी करतात, म्हणजे लोकांना मिस्साला येता यावं, २०२६ ला तो ४ तारखेला होता, २०२७ ला ३ ला येईल. पण घरातली तारीख म्हणून बहुतेक लोक ६ च धरतात. गोव्यात तर गावचा मोठा सणच असतो, चांदोर, रेईश मागुश, आणि कासावलीकडे कुएलीला तीन पोरांना राजांचे कपडे घालून मुकुट चढवून घोड्यावरून नेतात. चोर्ला घाटातून गेलात तर बेळगावापासून फार लांब नाही, एकदा पोरांना घेऊन जा, जन्मभर लक्षात राहील त्यांच्या.

तुम्ही गोठा मांडलाय म्हणून मुद्दाम सांगते, कारण माझ्या मते खरा प्रश्न ट्रीचा नाहीच, गोठ्याचा आहे. ट्री, लायटिंग, घंटा हे सगळं शोभेचं, कधीही काढा, कुणाचं काही बिघडत नाही. गोठा ही गोष्ट सांगायची जागा आहे. १२२३ मध्ये इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी संत फ्रान्सिसने खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून तो पहिल्यांदा मांडला असं सांगतात, साध्या लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. आणि गोष्ट रोज थोडी पुढे सरकते. आमच्याकडे २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते, बाळ मिस्सावरून आल्यावर ठेवायचं, घरातल्या सगळ्यात लहान पोरानं. आणि राजे तेव्हा गोठ्याजवळ नसतातच! ते असतात आतल्या खोलीच्या खिडकीत. रोज संध्याकाळी पोरं त्यांना थोडं थोडं पुढे सरकवतात, खिडकीतून पुस्तकांच्या कपाटावर, तिथून फ्रिजवर, फ्रिजवरून टीव्हीच्या स्टँडवर, एका उंटाचा पाय मोडलेला आहे तो फेविक्विक लावून उभा केलाय, तो कुणी न्यायचा ह्यावरून रोज भांडण, आणि वाटेत कोण राजा मागे राहिला तर धाकटी रात्री उठून बघून येते. ६ तारखेच्या संध्याकाळी तिघं गोठ्यापुढे पोचतात. त्या दिवशी घरात काहीतरी गोड होतंच.

एका वर्षी घरी पाहुणे येणार होते म्हणून मी २ तारखेलाच आवराआवर काढली तर आई दारातूनच म्हणाली, "राजे अजून वाटेत हायत की गं, आत्ताच कुठं गोठा मोडूलालीस?" ह्याहून चांगलं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. तुम्हीही पोरांना राजे सरकवायला लावा, कधी काढायचं हा प्रश्नच राहणार नाही, तीच सांगतील तुम्हाला.

६ च्या पुढचा रविवार म्हणजे प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, आणि कॅथलिक कॅलेंडरप्रमाणे नाताळचा काळ अधिकृतपणे तिथं संपतो. २०२६ ला तो ११ जानेवारीला होता, २०२७ ला १० ला आहे. राजांचा रविवार ७ किंवा ८ ला आला तर बाप्तिस्म्याचा सण लगेच सोमवारी करतात, २०२४ ला तसंच झालेलं. तारखा लक्षात ठेवायच्या नसतील तर सोपी खूण आहे, ख्रिसमसपासून फादर बहुतेक दिवस पांढऱ्या किंवा सोनेरी झग्यात असतात, ज्या दिवशी हिरव्या झग्यात दिसले त्या दिवशी समजा सीझन संपला. रोममध्ये सेंट पीटरच्या चौकातला मोठा गोठासुद्धा साधारण ह्याच सणापर्यंत उभा असतो. हा काळ सरायच्या आत कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलला पोरांना घेऊन एकदा या, आत यायला कुणी अडवत नाही, फक्त मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा.

काही जण त्याहूनही पुढे ठेवतात. २ फेब्रुवारी, जन्मापासून चाळिसावा दिवस, बाळाला देवळात नेऊन अर्पण केलं त्याचा सण, त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. पोलंडमध्ये बऱ्याच घरांत तोपर्यंत सगळं तसंच असतं. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला काढतात. रशियातल्या ऑर्थोडॉक्स लोकांचा तर ख्रिसमसच ७ जानेवारीला. म्हणजे मिस्टरांचं संक्रांतीपर्यंत राहू दे हे काही वेडंवाकडं नाही. आपल्याकडे आकाशकंदील भाऊबीजेला कोण उतरवतं? तुळशीचं लग्न होऊ दे, त्रिपुरी पौर्णिमा होऊ दे, मग बघू म्हणतोच की आपण.

आता अपशकुन. ही समजूत इंग्लंडातली. बाराव्या रात्रीनंतर, म्हणजे ५ किंवा ६ जानेवारीनंतर सजावट राहिली तर वाईट असं तिकडचे लोक मानतात, आणि गंमत बघा, त्याच इंग्लंडात पूर्वी घरातली हिरवी डहाळी २ फेब्रुवारीपर्यंत ठेवायची पद्धत होती. म्हणजे काकूंची १ तारीख त्यातही कुठे बसत नाही. चर्चची अशी काहीच शिकवण नाही, ना बायबलमध्ये ट्री आहे ना तो काढायची तारीख. काकूंना दुखवू नका, त्या काळजीपोटीच म्हणतात, घरी बोलावून गोठा दाखवा, राजांची गोष्ट सांगा, आणि जाताना हातात दोन करंज्या द्या.

एक गोष्ट मात्र खरंच लवकर काढा. सुरूची कापलेली फांदी ट्री म्हणून लावली असेल तर ती आठवड्याभरात वाळते, हात लावला की काड्या झडतात, आणि त्यावर लाइटची माळ रात्रभर चालू ठेवली तर पेटायची भीती. ती न्यू इयरला बाहेर काढा, किंवा निदान माळ तरी उतरवा. प्लॅस्टिकचा ट्री असेल तर प्रश्न नाही. गोठ्यात हिरवं शेत दिसावं म्हणून ताटलीत नाचणी पेरली असेल तर तीही तोपर्यंत पिवळी पडून वास मारायला लागते, ती उचलून गाईला घाला, बाकी गोठा राहू दे. कागदी तारा असेल तर पहाटेच्या दवानं भिजून फाटतो, म्हणून तो छपराच्या आतल्या बाजूला लावावा, आमचा दोन तीन वर्षं टिकतो तसा.

काढताना पोरांना सोबत घ्या, ती झोपल्यावर उरकून टाकू नका, सकाळी उठून रिकामा कोपरा बघितला की फार रडतात. आधी लाइटची माळ, प्लग काढून, आणि ती गुंडाळायची पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, नुसती पिशवीत कोंबली तर पुढच्या डिसेंबरात अर्धी संध्याकाळ गाठी सोडवण्यात जाते. मातीच्या किंवा प्लास्टरच्या मूर्ती आधी जुन्या सुती कापडात आणि वरून तरुण भारतच्या रद्दीत गुंडाळायच्या, नुसता पेपर लावला तर शाई रंगाला धरते. बर्फ म्हणून लावलेला कापूस ठेवू नका, आपल्या पावसात तो ओल ओढतो आणि मूर्तीवर बुरशी येते, दरवर्षी नवीन आणायचा. पेटी माळ्यावर ठेवणार असाल तर कौलाखाली नको, जुलैमध्ये तिथं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गोठ्यातलं पिंजार कोरडं असेल तर कुणाकडे म्हैस असेल त्यांना द्या. आणि एखादी मूर्ती फुटली तर कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, आम्ही अशी मूर्ती परसात किंवा कुंडीतल्या मातीत पुरतो, तुम्हीही तसंच करा.