विचारलं तर सांगायचं कसं?

प्रश्न : ताई, सलाम. मी पुण्यात बँकेत काम करते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दुपारचा डबा नेत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "कसला गं उपवास?" मी पटकन म्हणाले, "ॲसिडिटी झालीये." तेव्हापासून मन खातंय. रविवारी चर्चच्या मंडळीत मोठ्याने भजनं म्हणते, पण चारचौघांत प्रभूचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. 'बाटवायला निघाली' असं कुणी म्हणेल, ही भीती. धीर कुठून आणू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बाळ, सलाम. मी नगरला स्टाफ नर्स होते, तेव्हाची एक रात्रपाळी सांगते. पाथर्डीकडच्या एका आजींचं सकाळी ऑपरेशन होतं. बीपी घेतल्यावर मी त्यांच्या खाटेशी डोळे मिटून उभी राहिले. प्रत्येक खाटेशी क्षणभर तशी राहायचे. आजी जाग्याच होत्या. "बाई, काय पुटपुटता?" मी म्हणाले, "काही नाही, नाडी बघत होते." त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. तो गार पडला होता. कुणीतरी आपल्यासाठी देवाजवळ बोलतंय, एवढंच त्या बाईला ऐकायचं होतं आणि मी तेवढंही दिलं नाही. माझी सुटी संपेपर्यंत खाटेवर दुसरी पेशंट आली होती.

हे मी आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंना रडत सांगितलं. त्या म्हणाल्या, "येशूचा शिष्य पेत्र, त्याला तरी कुणी तलवार दाखवली होती? शेकोटीपाशी एका दासीने नुसतं विचारलं, तर तो म्हणाला, मी येशूला ओळखत नाही." मग त्यांनी बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 4 काढून दिला. अधिकाऱ्यांनी धमक्या देऊन सोडल्यावर पेत्र, योहान आणि मंडळी प्रार्थना करतात. धमक्या थांबव असं मागत नाहीत, बोलायला धैर्य दे असं मागतात. म्हणजे पेत्रालाही ते मागावं लागलं. पुढे आपल्या पहिल्या पत्रात (3:15) तोच लिहितो की, तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. हे वचन वाचताना मला नेहमी ती शेकोटी दिसते.

बाटवण्याचं म्हणशील, तर आपला विश्वास सांगायची मुभा घटनेच्या 25व्या कलमाने दिली आहे. आमिष दाखवणं, आजाऱ्याच्या भीतीचा फायदा घेणं, दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणं हे मात्र मी पाप मानते. तुला तर तिने आपणहून विचारलं होतं.

कवी नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला. थोडं बोलणं झालं, तेवढंच. टिळक वाचत वाचत येशूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच आल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, स्वतःला पटल्यावर. त्या प्रवाशाने यातलं काहीच ठरवलेलं नव्हतं. हातातलं पुस्तक त्याने पुढे केलं होतं.

सोमवारी डब्याच्या वेळी तिच्याशेजारी बस. आधी खोट्याची माफी माग. "ॲसिडिटी नव्हती गं. ईस्टरच्या आधी आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो." मग थांब. तिने पुढे विचारलं, तर तुझ्या आयुष्यात प्रभूने काय केलं ते सांग. येशूने बरा केलेला जन्मांध माणूस योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 9) तेवढंच सांगतो : आंधळा होतो, आता दिसतं. नाही विचारलं, तर तिच्या चतुर्थीबद्दल तू विचार आणि मन लावून ऐक.

त्या आजींनंतर मला कुणी विचारलं की मी सांगायचे, "तुमच्यासाठी येशूजवळ प्रार्थना करत होते. चालेल ना?" एका मावशींनी "नको" म्हटलं, तेव्हा मी त्यांची उशी सरळ करून पुढे गेले. बाकी बहुतेकांनी माझा हात धरून ठेवला.

मी पहाटे साडेपाचला उठते. सोमवारी तुझ्यासाठी प्रार्थना करीन. मैत्रीण काय म्हणाली ते कळव.