तेहरानच्या फायटरचं पॅनल बंद पडलं ते कशाने?

प्रश्न: परवा जेवताना मुलाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, इराणमध्ये म्हणे फायटर विमानं उडत्या तबकडीच्या मागे लागली आणि जवळ जाताच विमानातलं सगळं बंद पडलं. मी रेल्वेत सिग्नल खात्यात होतो, काही आपोआप बंद पडतं यावर माझा विश्वास नाही. पण मुलगा म्हणतो अमेरिकेच्या सरकारी कागदात आहे. खरं काय? – एक वाचक, मिरज

उत्तर: मुलगा बरोबर आहे हो, कागद आहे. १९ सप्टेंबर १९७६ ची मध्यरात्र उलटून गेलेली, तेहरानमधल्या लोकांचे फोन यायला लागले की आकाशात काहीतरी चमकतंय, म्हणून इराणी हवाई दलाने एक एफ-४ फँटम वर पाठवलं. ते साधारण ४५ किलोमीटरवर पोचलं आणि त्याची उपकरणं नि रेडिओ गेले, पायलटने विमान वळवलं तर सगळं परत चालू! मग दुसरं गेलं, त्यात परवीझ जाफरी. त्याच्या रडारवर बोइंग ७०७ टँकरएवढं (म्हणजे हवेतच दुसऱ्या विमानात इंधन भरणाऱ्या मोठ्या विमानाएवढं) काहीतरी दिसलं, त्यातून एक छोटा तेजस्वी गोळा सुटून आपल्याच अंगावर येतोय असं वाटलं म्हणून तो मिसाईल सोडायला गेला आणि नेमकं तेव्हाच शस्त्रांचं पॅनल बंद, रेडिओ बंद, मागे बसलेल्या माणसाशी बोलायचा इंटरकॉमसुद्धा बंद. पुढे हे जाफरी जनरल झाले आणि २००७ मध्ये वॉशिंग्टनला पत्रकारांसमोर त्यांनी हेच सांगितलं.

आता शंकेखोरांचं ऐका. फिलिप क्लास नावाचे अमेरिकन विमान-पत्रकार म्हणाले की त्या दुसऱ्या विमानाला इलेक्ट्रिकल बिघाडाची जुनी खोड होती आणि पायलटांनी पाहिला तो गुरू ग्रह. गुरू त्या रात्री आकाशात होताच. पण तो काही रडारवर टँकरएवढा दिसत नाही, त्यामुळे मला हे उत्तर अर्धंच पटतं.

मला खरी गंमत वाटते ती त्याच कागदातल्या एका ओळीची. जाफरींचं विमान परत येताना तेहरानच्या मेहराबाद विमानतळापासून १५० अंशाच्या, म्हणजे साधारण आग्नेयेकडच्या रेषेवर आलं की दर वेळी रेडिओ आणि इंटरकॉम जायचा, दिशा दाखवणारी यंत्रणा ३० ते ५० अंश हेलकावे खायची. आणि त्याच सुमारास उतरायला येणाऱ्या एका प्रवासी विमानाचाही रेडिओ त्याच भागात गेला, पण त्यांनी काही दिसल्याचं कळवलं नाही. बघा ना, तबकडी नाही, गोळा नाही, रेडिओ मात्र गेला. तुमच्याकडे एकाच ठिकाणी दोन गाड्यांना सिग्नलचा त्रास झाला तर तुम्ही गाडी तपासाल की तो पट्टा? मी तरी आधी जमिनीवर बघेन, तिथे काय चालू होतं ते. घरात मिक्सर लावला की आमचा जुना रेडिओ खरखरतो, तो मिक्सर दिसायला लागतो थोडाच.

आणि हा त्रास काही इतिहासजमा झालेला नाही. २०२३ पासून त्याच इराण-इराकच्या पट्ट्यात प्रवासी विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळायला लागले, म्हणजे विमान असतं एकीकडे आणि यंत्र सांगतं भलतीकडे, तेही माणसांनीच सोडलेल्या सिग्नलमुळे. आपल्याकडेही आहे बरं का, आपले पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत, त्यांनी २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा ४६५ घटना झाल्या, बहुतेक अमृतसर-जम्मूकडच्या.

तर जाफरींना काय दिसलं ते मी सांगू शकत नाही, पण दिसलं ते आणि बंद पडलं ते यांची गाठ त्या प्रवासी विमानाने जरा सैल केलीय. मुलाला म्हणावं व्हिडिओ परत लाव आणि त्यात ते विमान आहे का शोध, नसेल तर मला कळवा.